मालक मागे बसलेत

माझ्या वडिलांना ट्रॅफिक हवालदाराने पकडलं, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष व्हायला तीन दिवस कमी होते.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि पहिल्याच वाक्यात वाचकाचं मनगट धरणारे लेखक मला आवडत नाहीत. पण इलाज नाही. चलनावर तसंच छापलं आहे. गाडीचे मालक: हरिचंद्र सोमा गमरे, राहणार कुळगाव, बदलापूर. ठिकाण: अंबरनाथ. गुन्हा: विम्याशिवाय वाहन चालवणे. त्याखाली आणखी एक ओळ होती. तिच्याकडे मी नंतर येते, कारण ती वाचून बसलेला धक्का अजून पुरता उतरलेला नाही.

सुरुवात फोटोपासून झाली. रविवारी पप्पांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भन्तेजी येणार होते, नातेवाईक येणार होते, आणि आईचं म्हणणं एवढंच होतं की फोटो मोठा हवा, मागच्या रांगेतूनही दिसला पाहिजे. पप्पा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. त्यामुळे त्यांचे जेवढे म्हणून बरे फोटो आहेत, त्या सगळ्यांत डोक्यावर पांढरं हेल्मेट आहे. बिनहेल्मेटचा एकच, लग्नातला, आणि त्यात ते घाबरलेले दिसतात.

"घाबरले नव्हते," आई म्हणाली. "पंखा बंद होता."

शेवटी हेल्मेटवालाच ठरला. उल्हासनगरात फ्रेमचं एक जुनं सिंधी दुकान आहे, तिथे दिला. मालकाने फोटो दोन बोटांत धरून आमच्याकडे दयेने पाहिलं. "दीदी, हेल्मेट निकाल दूँ? कंप्यूटर में बाल दे दूँगा, एकदम काले."

"नको," आई म्हणाली. "हेल्मेट काढलं तर ते रागावतील."

दुकानदाराने 'रागावतील' या भविष्यकाळाचा मान राखला आणि पुढे काही विचारलं नाही.

गुरुवारी फोटो तयार झाला. तीन फूट बाय अडीच, सोनेरी चौकट. आई म्हणाली, "टेम्पोत घालून नको आणूस त्यांना. त्यांच्या गाडीतून आण."

गाडी म्हणजे आमची पांढरी वॅगन-आर. पप्पा गेल्यापासून मी ती दर रविवारी, बॅटरी उतरू नये म्हणून, कात्रपपर्यंत नेऊन परत आणत असे. तळमजल्यावरच्या कुंदाताई सबनीस बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, आणि सल्ला द्यायचं खातं त्यांनी अजून बंद केलेलं नाही. त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "यशोधरा, येताना बेल्ट लाव गं त्यांना! ब्रेक मारलास की काच फुटेल!"

हा त्यांचा सगळ्या प्रकरणातला एकमेव बिनचूक सल्ला. मी तो पाळला, आणि तोच अंगाशी आला.

पप्पांना मागच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला आणि निघाले. उल्हासनगर सुटलं, अंबरनाथ आलं. शिवमंदिराकडे वळणारी गर्दी मागे टाकून एमआयडीसीच्या रस्त्याला लागले. पुढे एक रिक्षा, तिच्यात दुपारच्या शिफ्टचे तीन कामगार. काच नीट आहे ना हे बघायला मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर पप्पा बसले होते. हेल्मेट घालून, बेल्ट लावून, समोर बघत. गाडी शिकवताना शेजारच्या सीटवर अगदी असेच ताठ बसायचे. त्या एका क्षणाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. रिक्षा थांबली. मी थांबले नाही.

आवाज फार मोठा नव्हता. रिक्षाचा मागचा लाल दिवा फुटला, माझा बंपर दबला.

रिक्षावाला उतरून आला. त्याच्या शर्टावरच्या बिल्ल्यावर विक्रांत असं नाव होतं. "ओ मॅडम! ध्यान किधर है? डोळे कुठे होते?"

"मागे," मी खरं सांगितलं.

पप्पांची शिकवण होती: अपघात झाला की पहिल्या मिनिटात खोटं बोलू नये, कारण पुढचा सगळा अहवाल त्या मिनिटावर उभा राहतो. अहवाल हा पप्पांचा प्राण होता. कंपनीत काहीही घडलं की ते रकाने पाडून लिहायचे: घटना, कारण, जबाबदार व्यक्ती, पुन्हा घडू नये म्हणून उपाय. मग ही सवय घरात शिरली. एकदा दूध उतू गेलं तर त्याचाही अहवाल झाला होता. जबाबदार व्यक्ती: सौ. सरस्वती गमरे. त्याखाली आईच्या अक्षरात: 'दारातून तुम्हीच हाक मारलीत.' पप्पांनी तो खुलाशासकट लॅमिनेट केला आणि फ्रिजवर लावला. लॅमिनेशन ही त्यांची दुसरी श्रद्धा. माझी दहावीची मार्कशीट, माझ्या पहिल्या पगाराची स्लिप, जळालेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड, सगळं प्लॅस्टिकखाली. लॅमिनेट केलेली गोष्ट संपत नाही, असं मी लहानपणापासून मानत आले होते. कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण ज्या घरात मिक्सर जातो आणि त्याचं गॅरंटी कार्ड राहतं, त्या घरातल्या मुलीचा असा समज होणारच.

एव्हाना माणसं जमली होती. रिक्षातला एक कामगार म्हणाला, "विक्रांत, टेन्शन कशाला घेतो? कारवाल्यांचा इन्शुरन्स असतो. त्यातून भरून घे."

"अर्थातच," मी म्हणाले. हा 'अर्थातच' मला पुढे फार दिवस छळणार होता. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून पप्पांची पॉलिसी काढली. चकचकीत, चारही कोपरे गोल कापलेली. ती मी अशा रुबाबात पुढे धरली, की विक्रांतही क्षणभर ओशाळला.

तेवढ्यात हवालदार आले.

"गाडी कोणाची?"

"वडिलांची."

"ते कुठे आहेत?"

"मागे बसलेत."

मला विनोद करायचा नव्हता. प्रश्न आला, उत्तर तोंडात होतं, ते बाहेर पडलं. हवालदार वाकले. काचेतून आत पाहून त्यांच्या कपाळावर आठी चढली. "कारमध्ये हेल्मेट?" मग सोनेरी चौकट दिसली असावी. ते सरळ झाले, टोपी नीट केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कधी?"

"रविवारी वर्ष होईल."

"चांगला बेल्ट लावलाय," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग त्यांनी नंबर प्लेट बघून मोबाईलवर बोटं फिरवली. आठी परत चढली. "मॅडम, इन्शुरन्स नाहीये याला. सतरा फेब्रुवारीला संपला."

मी लहान मुलाला समजवावं तशी हसले. "तुमच्याकडे चुकीची नोंद असेल. ही बघा पॉलिसी. लॅमिनेट केलेली आहे."

"मॅडम," हवालदार शांतपणे म्हणाले, "लॅमिनेशन कागदाला असतं. तारखेला नसतं."

मी पॉलिसी उलटी करून पाहिली. चष्मा लावून पाहिली. सतरा फेब्रुवारी. ती तारीख नऊ महिने माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, प्लॅस्टिकखाली, स्वच्छ अक्षरात बसून होती. रोज हजार पुस्तकांच्या परतीच्या तारखा बघणारी मी, दर रविवारी कात्रपपर्यंत गुन्हा करून घरी येऊन चहा पीत होते.

आणि मग ते झालं ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटायला हवी होती, पण सुचलीच नव्हती. रिक्षातला वयस्कर कामगार काचेला नाक लावून म्हणाला, "अरे! हे तर गमरे साहेब!"

"कोण गमरे?"

"सेफ्टीवाले रे! बूट नाही घातले म्हणून मला दोन तास गेटबाहेर उभा केला होता. जयभीम, साहेब." त्याने काचेला हात जोडले. मग हात तसेच ठेवून माझ्याकडे वळला. "साहेबांच्या गाडीला इन्शुरन्स नाही?"

तिघांपैकी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या आजोबांना, सोमा गमरेंना, गावच्या चावडीवर उभं करून काहीही विचारता येत असे. पप्पांनी आयुष्यभर एकच काळजी घेतली: आपल्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा ठेवायची नाही. कर वेळेवर, बिलं वेळेवर, रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला गाडी उभी. मागचे लोक हॉर्न वाजवायचे, तेव्हा ते मला म्हणायचे, "कायद्याचं पुस्तक आपल्या माणसाने लिहिलंय, यशू. आपणच सिग्नल तोडायचा तर कुठल्या तोंडाने?" तेहतीस वर्षं गाडी चालवली, एक दंड नाही. हे वाक्य आम्ही घरात, नात्यात, लग्नाच्या बोलण्यात आणि शोकसभेतही वापरलं होतं. रविवारी मी ते पुन्हा म्हणणार होते. भाषण तयार होतं.

"दंड माझ्या नावावर करा," मी हवालदारांना म्हणाले. "गाडी मी चालवत होते."

"दंड मालकावर निघतो."

"मालक जिवंत नाहीत."

"ते गाडीच्या कागदांना कळवलंय का कोणी? तीन महिन्यांत नावावर करायची असते." त्यांच्या यंत्रातून चलनाची पट्टी बाहेर आली. "चार हजार."

गर्दीत कायद्याचा एक जाणकार असतोच. "पहिला गुन्हा दोन हजार असतो ना हो? आणि तीन महिने कैदपण आहे कलमात."

"कैद? साहेबांना?" विक्रांत घाबरून म्हणाला.

"साहेब कुठून सापडणार? मॅडमना."

"पहिल्याला दोन," हवालदार म्हणाले. "दुसऱ्याला चार. हा दुसरा आहे."

मी पट्टी वाचली. ती ओळ तिथे होती. 'यापूर्वीचा गुन्हा: विमा नसणे.' तारीख चार वर्षांपूर्वीची. ठिकाण उल्हासनगर. स्थिती: दंड भरला.

मला आठवतं ते एवढंच, की मी अतिशय सभ्य आवाजात म्हणाले, "हे अशक्य आहे. तुमचं मशीन खोटं बोलतंय."

"मशीनला कशाला खोटं बोलायचंय, मॅडम?" हवालदारांनी विचारलं, आणि ते खरंच विचारात पडल्यासारखे वाटले.

गाडी चौकीजवळ उभी राहिली. विमा काढून आणा, गाडी घेऊन जा, असं ठरलं. विक्रांतचं माझ्याकडे एक लाल दिवा देणं लागत होतं, आणि त्या नात्याने तोच मला घरी सोडायला तयार झाला. फोटो रिक्षात आडवा जाईना, उभा जाईना. शेवटी पप्पांचा चेहरा बाहेर करून मी मागून दोन्ही हातांनी धरून बसले. अंबरनाथ ते बदलापूर, सोनेरी चौकटीतले पप्पा हेल्मेट घालून रस्त्याकडे बघत निघाले. माणसं हात जोडायला लागली. एका वळणावर बसवाल्याने बस थांबवून आम्हाला वाट दिली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठले पुढारी?" मागचा दिवा नसलेल्या रिक्षातून, निम्मी चौकट बाहेर काढून चाललेली ही मिरवणूक पप्पांना दिसली असती, तर त्यांनी स्वतः रस्त्यात उभं राहून आम्हाला अडवलं असतं.

घरी आईला सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचंही सांगितलं. आई म्हणाली, "फोटो भिंतीला लाव आधी," आणि स्वयंपाकघरात गेली. ती फार कमी बोलली, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा रागावलेली होते, आणि रागावलेल्या ग्रंथपालाला फक्त संदर्भ दिसतात.

कुंदाताई तासाभरात वर आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली, हे मी विचारत नाही. "आधी सांग, नाव खरं सांगितलंस का?"

"हो."

"हीच तर चूक! गमरे म्हणजे समोरच्या इमारतीतले, म्हणायचं. तिथे तीन गमरे आहेत. आता ऐक, माझ्या भाच्याच्या ओळखीचा एक उन्मेष आहे, आरटीओची कामं करतो. तुझं काम चुटकीसरशी."

शुक्रवारी मी रजा टाकून उन्मेषकडे गेले. कल्याणच्या रस्त्याला त्याचं टेबल होतं, वर छत्री, टेबलावर बॅटरीचा छोटा पंखा. त्याने माझी हकिकत ऐकली आणि पहिला प्रश्न केला, "पप्पांचा फोन चालू आहे?"

फोन चालू होता. हे जरा सांगावं लागेल. पप्पांचा बटणांचा साधा फोन आईने बंद होऊ दिला नव्हता. त्यांच्या छोट्या फोटोजवळ, फुलांशेजारी, तो चार्जिंगला असे. त्यात आलेले मेसेज आम्ही उघडत नव्हतो. दुसऱ्याचं पत्र फोडू नये, ही पप्पांचीच शिस्त. आणि फेब्रुवारीत एक प्रकार घडला होता. एका सकाळी नऊला तो फोन आपोआप वाजू लागला. कॉल नव्हता, कसला तरी गजर होता, पप्पांनी कधीतरी लावून ठेवलेला. आम्हा दोघींना तो बंद करवेना. आम्ही फोटोसमोर बसलो, हात जोडले, डोळे मिटले आणि तो थांबेपर्यंत ऐकला. दुसऱ्या दिवशी नऊला पुन्हा. तिसऱ्या दिवशी कुंदाताईही आंघोळ करून येऊन बसल्या. "माणूस मोठा होता," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "वेळ चुकवत नाही." बरोबर सात दिवस वाजला आणि मग थांबला. आठव्या दिवशी आम्ही नऊ वाजता वाट बघत बसलो होतो. त्या दिवशी मला वाटलं, आता मात्र गेले.

"चालू आहे," मी उन्मेषला म्हणाले.

"मग झालं की! ऑनलाइन काढायची. नाव त्यांचं, नंबर त्यांचा. ओटीपी त्यांच्याच फोनवर येणार, तुम्ही टाकणार. पाच मिनिटांत पॉलिसी."

"म्हणजे ते गेल्यानंतर वर्षाने त्यांनी स्वतः विमा काढला, असं?"

"कंपनी कुठे बघायला येते?"

"दुसरा रस्ता?"

उन्मेषने पंख्याचा वेग कमी केला, म्हणजे आता सावकाश समजवायचं होतं. "दुसरा रस्ता सरळ आहे, म्हणून लांब आहे. गाडी तुमच्या नावावर करायची. त्याला चालू विमा लागतो. विमा काढायला गाडी जिवंत माणसाच्या नावावर लागते. पप्पा जिवंत नाहीत. तुम्ही आहात, पण गाडी तुमच्या नावावर नाही. कळलं?"

"म्हणजे विम्यासाठी नाव आणि नावासाठी विमा."

"शिकलेल्या आहात, लगेच पकडलंत. लोकांना तीन चकरा लागतात."

मी नको म्हटलं. मेलेल्या माणसाला खोटं बोलायला लावणं मला जमणार नव्हतं, तेही या माणसाला. उन्मेष वाईट वाटून घेऊन म्हणाला, "ताई, एवढं सरळ चालून चालत नाही हो."

तिथून मी दंडाच्या कचेरीत गेले. त्या दिवशीचे चार हजार मला मान्य नव्हते असं नाही. माझी चूक मला मान्य होती. पण 'दुसरा' हा शब्द मला पुसून हवा होता. मी दोन पानी अर्ज लिहिला होता. माझे वडील कोण होते, सिग्नलला कसे थांबत, सात परिच्छेद. कारकुनाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, हे मान्य करायला हवं.

"छान लिहिता," तो म्हणाला. "पण हे बघा, मयताच्या नावाने दंड भरायला काही अडचण नाही. कोणीही भरा. मयताच्या नावाने तक्रार करायला मात्र मयत यावा लागतो."

"मी त्यांची मुलगी आहे."

"मग कोर्टात जा. वारस म्हणून उभ्या राहा आणि सांगा, चार वर्षांपूर्वीचा गुन्हा खोटा आहे. ते रेकॉर्ड मागवतील. हवालदाराला बोलावतील. एकदा उघडलं की सगळं उघडेल बरं का."

"उघडू दे," मी म्हणाले.

मी वकिलाचा नंबर घेऊनच घरी आले. शनिवारी सकाळी त्याच्याशी बोलले. तो म्हणाला सोमवारी या, वकीलपत्रावर सही करा. मी भाषणातलं वाक्य अधोरेखित केलं: तेहतीस वर्षं, एक दंड नाही. उद्या तो म्हातारा कामगारही येणार होता, विक्रांतकडून त्याने निरोप पाठवला होता. त्याच्या समोर हे वाक्य म्हणायचं, आणि सोमवारी ते खरं करायला निघायचं, असा माझा बेत होता.

आई भाजी निवडत होती. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "यशू, कोर्टात जाऊ नकोस."

"का?"

"हरशील."

"आई, प्रश्न पैशांचा नाही. त्यांच्या नावाचा आहे. कोणीतरी त्यांच्या नावावर खोटं—"

"खोटं नाही गं ते." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "मी शेजारीच बसले होते."

मला वाटतं, मी खुर्चीचा हात धरला.

"उल्हासनगरला तुझ्यासाठी कपाट बघायला चाललो होतो," आई सांगू लागली. "तिथे अडवलं. विम्याचा हप्ता भरायचा राहून गेला होता यांचा. दीड महिना झाला होता. त्या साली तुझ्या आत्याचं आजारपण, धावपळ, विसरले. हवालदारासमोर असे उभे होते, शाळेतल्या पोरासारखे. पावती घेतली आणि गाडीत येऊन बसले. गाडी चालू करेनात. म्हणाले, सरस्वती, आता इथून घरापर्यंतसुद्धा गाडी चालवता येत नाही, विमा नाही. मग तिथल्याच एका दुकानातून विमा काढला, तो हातात येईपर्यंत आम्ही दोघं चार तास गाडीत बसून. कपाट राहिलंच."

"मला कधी सांगितलं नाहीत."

आई उठली. गोदरेजच्या कपाटातून साड्यांच्या खालून तिने एक चकचकीत कागद काढला. चारही कोपरे गोल कापलेले. एका बाजूला दंडाची पावती होती, दुसऱ्या बाजूला पप्पांच्या अक्षरात चार रकाने.

*घटना:* विम्याशिवाय वाहन चालवताना पकडलो.

*कारण:* हलगर्जीपणा. बहिणीच्या आजारपणाचं कारण देता येईल, परंतु ते खरं कारण नव्हे.

*जबाबदार व्यक्ती:* मी.

*पुन्हा घडू नये म्हणून उपाय:* १. मोबाईलमध्ये दरवर्षी मुदतीआधी सात दिवस, सकाळी नऊ वाजता गजर. २. यशूला कळू देऊ नये. तिचं माझ्याबद्दल मत चांगलं आहे.

मी चौथा रकाना पुन्हा मोठ्याने वाचला. मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं. आम्ही वळून फुलांशेजारच्या फोनकडे पाहिलं.

"सात दिवस," आई म्हणाली.

मी फोन हातात घेतला. वर्षात पहिल्यांदा. गजरांच्या यादीत एकच होता, दहा ते सोळा फेब्रुवारी, सकाळी नऊ, आणि पुढे नाव दिलेलं होतं: 'गाडीचा विमा भर.' सात सकाळी पप्पा ओरडून ओरडून सांगत होते, विमा भरा, विमा भरा, आणि आम्ही समोर डोळे मिटून, हात जोडून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तर साक्षीदारही बोलावला होता.

आधी आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलत, मग आवाज फुटून. मग मी. कुंदाताई खालून ओरडल्या, "काय झालं गं?" आम्हाला सांगता येईना. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कसलं हे ठरवायची गरज मला वाटली नाही.

रविवारी कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील झालं, भन्तेजी बोलले. मी उभी राहिले. हेल्मेटमधले पप्पा मागच्या रांगेपर्यंत दिसत होते. म्हातारा कामगार दुसऱ्या रांगेत, पायात स्वच्छ बूट. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "माझ्या वडिलांनी तेहतीस वर्षं गाडी चालवली. त्यांना एकदा दंड झाला होता. चूक त्यांची होती, आणि त्यांनी ती लिहून ठेवली." एवढं बोलून मी खाली बसले. म्हातारा मान हलवत होता, जणू त्याला हे आधीपासून माहीत होतं.

गाडी पुढे सोळा दिवस चौकीजवळच राहिली. नावावर करायचा अर्ज आधी दाखल करून, त्याची पोच विमा कंपनीला दाखवून, त्या पोचेवर माझ्या नावाचा विमा आणि त्या विम्यावर पुन्हा अर्ज, असा एक बोगदा आरटीओतल्या एका बाईंनी मला दाखवला. उन्मेषलाही तो माहीत नव्हता. विक्रांतला लाल दिवा दिला. त्याने तो लावून मला ब्रेक दाबून दाखवला, दोनदा.

दंड मी भरला. दोन्ही गुन्हे पप्पांच्या नावावरच राहिले. पहिला त्यांचा आणि दुसरा माझा.

पावती घेऊन मी कुळगावातल्या त्यांच्या नेहमीच्या लॅमिनेशनच्या दुकानात गेले. काउंटरवर उभ्याउभ्या, पावतीच्या मागे रकाने पाडले. घटना लिहिली. कारण लिहिलं. जबाबदार व्यक्ती: मी. चौथ्या रकान्यात अडले. ज्याच्यापासून लपवावं, इतकं ज्याचं माझ्याबद्दल चांगलं मत होतं, तो माणूस आता भिंतीवर होता.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, मशीन गरम आहे."

मग मी एकच उपाय लिहिला आणि कागद त्याच्या हातात दिला: गजर वाजला की हात जोडण्याआधी वाचावा.